धवल्यात घेतलेलं नाव

कमळीच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. कच्च्या विटांची, शेणामातीनं लिंपलेली. अलीकडे आमची चूल, पलीकडे त्यांची. त्यामुळे त्यांच्याकडे सुकट भाजली की खोकायचं आम्ही, आणि आमच्याकडे बोंबील तळायला घेतला की कमळीची आई, वनामावशी, तिकडून ओरडायची, ‘ए, येखादा इकरं पन येऊ दे गो!’ चुलीच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक वीट निखळून भोक पडलेलं होतं. माझ्या बाबांनी ते बुजवलं की आम्ही दोघी उलथन्यानं पुन्हा कोरून काढायचो. शेवटी बाबांनी नाद सोडला. त्या भोकातून चिंचा इकडून तिकडे गेल्या, जवळ्याची चटणी लावलेले भाकरीचे तुकडे गेले, शाळेतल्या बाईंच्या चुगल्या गेल्या, आणि कोणाचं लग्न कोणाशी ठरतंय याच्या बातम्या तर घरच्यांना कळायच्या आधी गेल्या. समोरासमोर बसून बोलायला आम्हाला कोणी अडवलं नव्हतं, दार तर दाराला लागून होतं. पण भोकाला तोंड लावून बोलण्यात जी मजा होती ती ओट्यावर बसून नव्हती. पुढे मला कितीतरी मैत्रिणी मिळाल्या, चांगल्या मिळाल्या, पण तसं तोंड लावून कोणाशी बोलता आलं नाही.

माझी आई गावची धवलारीण होती. आमच्यात लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीण लागतेच. मांडव घालण्यापासून नवरी वाटेला लावण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं, आणि तो गाणारी ती धवलारीण. आईचा आवाज काही गोड वगैरे नव्हता हो. जाडसर होता, थोडा बसलेला, पण भरदार. मिठागरावरून हाक मारली तर गावात ऐकू जाईल असा. घरात ती सतत गुणगुणत असायची. तांदळाची भाकरी थापताना तिच्या हाताचा आणि गाण्याचा एक ठेका असायचा, आणि भाकरी तव्यावर पडली की गाणं थांबून ‘पुष्पे, लाकूड सार आत!’ असा हुकूम यायचा, की परत गाणं सुरू. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा गातात. दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या मुक्यानं होतात हे मला फार उशिरा कळलं.

आता मी खारघरला अकराव्या मजल्यावर राहते. मुलगा-सून कामाला जातात, मी गॅलरीत बसून डोंगर बघते. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही. भिंत एकच आहे इथेही, पक्की, गिलावा केलेली. त्यांचा मिक्सर ऐकू येतो, त्यांच्या बाळाचं रडणं ऐकू येतं. सुनेला विचारलं तर म्हणते, ‘आई, ते लोक रिझर्व्ह्ड आहेत, कशाला टेन्शन घेता?’ मी टेन्शन घेत नाही. आम्हाला बोलायची बंदी होती तेव्हा बोलण्यासाठी जीव जात होता, आणि इथे कोणी बंदी घातलेली नाही तर कोणाला बोलायचंच नाहीये. याला काय म्हणावं?

बंदी कशी आली ते सांगते. माझी आत्या, सुमनआत्या, हिनं जातीबाहेर लग्न केलं. तुर्भ्याच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, तिथल्याच एका फिटरशी. गावकी बसली आणि ठरलं, की हिला माहेर तुटलं, गावात पाऊल ठेवायचं नाही. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. पण गौरी बसल्या त्या संध्याकाळी आत्या दारात आली. अंगावर नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा, आणि उंबऱ्याबाहेर उभी. सगळी आळी बघत होती. बाबा उठले, तिचा हात धरला आणि तिला आत आणून पाटावर बसवलं. ‘माजी भन हाय ती. गौर घरान बसलेली आन लेक उंबऱ्याभायेर, असा मी नाय करनार,’ म्हणाले. आईनं तिला जेवायला वाढलं. भाजी कसली होती तेसुद्धा मला आठवतं, शेवळं सुकवून ठेवलेली होती ती केली होती, आत्याला आवडायची म्हणून. दुसऱ्या दिवशी आम्हाला वाळीत टाकलं.

गावकीचा मुख्य होता कमळीचा बाप, धर्मादादा. वाईट माणूस नव्हता. माझ्या लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेत नेलेलं त्यानं. पण गावकीनं एकदा ठरवलं की ठरवलं, असा त्याचा खाक्या, आणि शेजारी म्हणून सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील ही भीती. आमच्याशी जो बोलेल त्याला दंड. आमच्याकडून विस्तव नेणाऱ्याला दंड, आम्हाला पीठ दळून देणाऱ्या गिरणीवाल्यालाही दंड. आईला लग्नाला बोलावणं बंद. कोणाचं लग्न असलं की पेणकडून एक म्हातारी धवलारीण आणायचे. लोकांना वाटतं वाळीत टाकतात म्हणजे मारतात, शिव्या देतात. तसं काही नसतं हो. काहीच नसतं. तुम्ही नळावर जाता आणि बायका हंडे उचलून चालू लागतात. तुम्ही ‘मावशी’ म्हणून हाक मारता आणि मावशी तुमच्यातून आरपार बघते. थंडीत शेतात वालाच्या शेंगांची पोपटी लावली, मडक्यातला भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास घरात आला, की आम्ही दार लावून घ्यायचो.

आणि आईचं गाणं बंद झालं. कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं, घरात गायला कसला दंड? पण ती भाकऱ्या मुक्यानं करायला लागली. मला त्या शांततेचा इतका राग यायचा की मी मुद्दाम भांडी आपटायची. आई म्हणायची, ‘कनाला आपटतंस? फुटली त कासार बी येनार नाय आपल्या दारान.’

भिंतीतलं भोक धर्मादादानं स्वतः सिमेंट आणून बुजवलं. थापीचा आवाज मी अलीकडून ऐकला. मला वाटलं होतं कमळी रात्रीतून ते कोरेल. नाही कोरलं. सिमेंट होतं ते, उलथन्याला दाद देणारं नव्हतं, हे मी मनाला समजावत राहिले. ती पाण्याला जाताना दिसायची. डोळे खाली. एकदा माझ्याकडे बघून तिच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली, तेवढ्यात मागून तिची चुलती आली. त्या अर्ध्या हालचालीवर मी कितीतरी दिवस काढले. काय म्हणणार असेल? ‘पुष्पे’ म्हणणार असेल की नुसतं जांभईला तोंड उघडलं असेल?

अशात शालनताई आमच्याकडे आली. ही उरणकडची, दांडगी बाई, तिचंही घर वाळीत टाकलेलं. नवरा वारल्यावर खांदा द्यायला गावातलं कोणी आलं नाही, हिनं आणि हिच्या दिरानं हातगाडीवरून नेला. तेव्हापासून ती गावोगाव फिरून अशी घरं शोधत होती. ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाली, ‘नारायणभाऊ, पोलिसांकडं गेलाव त ते बोलतात, कुनी मारला का? नाय. चोरी झाली का? नाय. मंग गुन्हा कंचा? न बोलनं हा काय गुन्हा नाय, बोलतात. आपल्याला कायदाच नाय. तो कराचा त आमदारांकरून कराचा.’ एका आमदाराला ती भेटलीसुद्धा होती. तो म्हणाला होता, ‘ताई, मी सभागृहात विषय मांडतो. पण नुसती तुम्ही चार घरं ओरडताय असं दिसलं तर माझं कोणी ऐकणार नाही. मला माणसं दाखवा. वाळीत टाकलेलीच नव्हे, टाकणाऱ्या गावांतलीसुद्धा.’

माझ्या डोक्यात कायद्याचा अर्थ फार सोपा होता. कायदा झाला की कमळीला माझ्याशी बोलता येईल. बस्स. बाकी आत्याचं माहेर, बाबांची इज्जत, आईची गाणी, हे सगळं मला नंतर सुचलं. त्या एका गोष्टीसाठी मी शालनताईबरोबर कोपरखैरण्यापासून पार पनवेलच्या पुढपर्यंत पायपीट केली. वाळीत टाकलेली घरं ओळखायची तिची खूण होती. दारापुढचं अंगण. बाकी घरांपुढे पोरं खेळत असायची, पाखडलेल्या भाताचा कोंडा असायचा, कोणाच्या तरी चपला असायच्या. या घरापुढचं अंगण स्वच्छ. तिथे कोणी येतच नव्हतं. त्या घरांतल्या बायका आम्हाला सोडायच्या नाहीत. चहा झाला तरी बस, भाकरी खाऊन जा, अजून थोडी बस. एक म्हातारी तर नुसता माझा हात धरून बसली होती, बोलायचं काहीच नव्हतं तिला.

मेळावा आमच्याच गावाच्या वेशीबाहेर, मिठागराच्या बांधाला लागून जे मोकळं मैदान होतं तिथे ठरला. आमदारानं यायचं कबूल केलं. कापडी बोर्ड रंगवले, ट्रकवाल्यांशी बोलून बाबांनी लांबच्या लोकांची सोय केली. लांबची घरं येणार यात शंका नव्हती. प्रश्न आमच्या गावाचा होता. आमच्यात पत्रिका छापली तरी तिला कोणी हिंग लावून विचारत नाही, उंबऱ्यावर येऊन तोंडानं आवताण द्यावं लागतं. आणि आम्हाला कोणाच्या उंबऱ्याला पाय लावायची सोय नव्हती. त्यात धर्मादादानं डाव टाकला. कमळीचं लग्न ठरलेलंच होतं, उरणच्या बाजूला दिली होती तिला. त्यानं तिची हळद नेमकी मेळाव्याच्या दुपारी धरली. गावातल्या झाडून सगळ्या बायका हळदीला बसणार, मग मैदानात जाणार कोण? बाबांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला. मी मागच्या दारी जाऊन रडले. मेळाव्यासाठी नव्हे, खरं सांगते. भिंतीपलीकडे कमळीची हळद, आणि मी अलीकडे. लहानपणी आमचं ठरलेलं होतं, हिच्या हळदीला मी आणि माझ्या हळदीला ही, दिवसभर हात सोडायचा नाही.

त्या दिवशी सकाळी पेणची म्हातारी धवलारीण आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिला आमच्या गावचा दंड लागू नव्हता. दात एकही नाही, पण डोळे लुकलुकीत. तिला आईकडून गावची घरं हवी होती. आमच्या गावात हळद कुटताना धवल्यात सगळ्या घरांना आवताण देतात. आधी देवांना, मग वेशीपासून ओळीनं एकेका घराला. नाव आलं की त्या घरच्या बाईनं उठून मुसळाला हात लावायचा, तिचा हात लागला की पुढचं नाव. ही ओळ गावची धवलारीण दुसरीला देते, तशी रीत आहे. एरवी ती कोणाला विचारायची कुणास ठाऊक, पण कमळीचा बाप गावकीचा मुख्य, तिथे चुकून चालणार नव्हतं. मेळाव्यासाठी आलेली सुमनआत्या आतून फणकारली, ‘नको सांगू वैनी! होऊ दे खोळंबा!’ आई म्हणाली, ‘गप ऱ्हा. पोरीच्या हलदीन मी खोट घालू?’ आणि ती गायला लागली. किती महिन्यांनी. आवाज आणखी बसला होता, सुरुवातीला तर फाटलाच. मी हातातलं पीठ तसंच ठेवून दाराशी आले. वेशीपासून एकेक घर येत होतं, धर्मादादाचं घर आलं, आणि आईनं एक श्वास घेतला. पुढे आमचं घर. ती ते गाळून पलीकडच्या घरावर गेली. म्हातारीनं डोळे बारीक केले. ‘मदी कोन?’ म्हणाली. आई म्हणाली, ‘मदी कोन नाय.’ म्हातारीनं एकदा आमच्या दाराकडे बघितलं, चहाची बशी पालथी घातली आणि उठून गेली.

दुपारी आई, बाबा, आत्या मैदानावर गेले. मी मागे राहिले, लांबून येणाऱ्यांसाठी भाकऱ्या करायच्या होत्या ना. निमित्त खरं होतं, पण भाकऱ्या मी भिंतीला पाठ लावून करत होते. पलीकडे बायकांची गर्दी, बांगड्या, हसणं, कोणीतरी पोराला धपाटा घातल्याचा आवाज. मग म्हातारीचा धवला सुरू झाला. देव झाले. घरं सुरू झाली. एक नाव, मुसळाचा घाव, दुसरं नाव, घाव. धर्मादादाचं घर आलं, वनामावशीचा घाव पडला. आणि मग म्हातारी गायली, ‘नारनाचे घरची बाय येऊ दे गो, मुसलाला हात लागू दे.’

नारना म्हणजे माझे बाबा. तव्यावरची भाकरी जळाली. पलीकडे घाव पडला नाही. म्हातारीनं ओळ परत घेतली. नारनाचे घरची बाय येऊ दे गो. धवल्यात एकदा घेतलेलं नाव परत काढता येत नाही, काढलं तर नवरीला बाधतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि हात लागल्याशिवाय पुढचं नाव नाही. बाहेर मांडवात पुरुष कुजबुजले. धर्मादादाचा आवाज आला, ‘ए म्हातारे, चुकलीस तू!’ म्हातारी थांबली नाही, तिसऱ्यांदा तीच ओळ. मग आमच्या दाराशी सावली आली. वनामावशी. हाताला हळद, डोक्यावरचा पदर पडलेला. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत होती. ‘पुष्पे,’ म्हणाली, ‘चल. माज्या पोरीची हलद अरली हाय.’

मी पिठाच्या हातानंच गेले. मांडवात धर्मादादा बसला होता, त्याच्या पुढ्यातून जावं लागलं. त्यानं मान वळवून आंब्याच्या टहाळ्यांकडे बघितलं. म्हणजे त्यानं मला बघितलं नाही, आणि अडवलंही नाही. बाप होता शेवटी. आत बायकांनी वाट करून दिली. मी मुसळाला हात लावला. घाव घातला तेव्हा हातातला जोर असा काही निघाला की हळकुंड उडून कोणाच्या तरी मांडीवर पडलं आणि एक म्हातारी फसकन हसली. त्या हसण्यानं सगळ्या हसल्या. पुढची नावं झाली, हळद लागायला लागली. कमळी पाटावर होती. मी तिच्या गालाला, हाताला हळद लावली. ती बोलली नाही. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हळदीतून त्याचे ओघळ. एकदा तिनं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि बाहेर बापाचं खाकरणं ऐकून सोडलं. एक शब्द बोल गो, मी मनात म्हणत होते. एकच. नाही बोलली. पेणची म्हातारी माझ्याकडे बघून पुटपुटली, ‘माजा ध्यान ऱ्हायला नाय बाय. दातांबरबर ध्यान बी गेला.’ आणि बोळक्या तोंडानं हसली.

मग वनामावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘काय गो बायांनो,’ म्हणाली, ‘नारनाचे पोरीबरबर आपून सगल्या हलदीला बसलाव. आथा दंड कुनाला बसल?’ बायका आपापल्या पिवळ्या हातांकडे बघायला लागल्या. ‘सगल्यांना बसल. मंग वालीत टाकाला गावान ऱ्हायला कोन?’ आता मात्र छप्पर उडेल असं हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, मैदानावर तो आमदार आलाय म्हणे, जाऊन त्याला तरी विचारू या. वनामावशीनं माझ्याकडे वळून विचारलं, ‘किती लांब हाय गो?’ जसं काही गावच्या मैदानाचं अंतर तिला माहीतच नव्हतं. कमळीला येता येणार नव्हतं, हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही. मी निघताना मागे बघितलं. ती पाटावर एकटी, म्हातारीच्या शेजारी, पिवळी. बाकी सगळ्या उठल्या होत्या, आणि मांडवात धर्मादादा अजून त्या टहाळ्यांकडेच बघत होता.

मैदानावर काय चाललं होतं ते बाबांनी नंतर सांगितलं. लांबची घरं आली होती, बसली होती, पण मैदान मोठं आणि माणसं कडेकडेला. वाळीत टाकलेल्या माणसाला मधोमध बसायची सवयच राहत नाही. आमदारानं सगळीकडे बघितलं आणि शालनताईला म्हणाला, ‘ताई, हे ज्या गावात घेताय, त्या गावचंच कोणी नाही. मी तिथे उभा राहून कोणाच्या जोरावर बोलू?’ तो उठला. त्याच्या माणसानं जीपचं दार उघडलं. तेवढ्यात बांधावरून आम्ही उतरलो. हळद लावून, हळद खेळून आलेल्या बायका, पिवळे गाल, पिवळे पदर, पिवळ्या कपाळांची पोरं काखेत, सगळ्यांत पुढे वनामावशी. आमदार जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. मग त्यानं पाय खाली घेतला आणि येऊन खुर्चीत बसला.

आईनं माझे हात बघितले. ‘नाव कुनी घेतला?’ म्हणाली. मी म्हटलं, म्हातारीनं. ‘मी त सोरला व्हता गो,’ एवढं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

माईक वनामावशीच्या हातात कोणी दिला आठवत नाही, तिनं ओढून घेतला असेल. भाषण वगैरे तिला काय येणार? ती आमदाराला म्हणाली, ‘सायब, माना माज्या शेजारनीशी बोलाचा हाय. तिच्या चुलीचा धूर माज्या घरान येतो आन मी तिच्याशी बोललू त माना दंड. ह्याचा काय तो बंदोबस्त करा.’ आणि माईक आईकडे दिला. ‘धवलारनी, आथा तू गा. आमी आयलाव.’ आईनं माईक दोन्ही हातांनी धरला. मग तिनं आवताणाचा धवला घेतला. मैदानाच्या कडेला बसलेल्या त्या लांबच्या घरांची नावं शालनताई एकेक करून तिच्या कानात सांगत होती आणि आई ती गात होती. ज्यांना कोणी किती वर्षांत कुठे बोलावलं नव्हतं अशी माणसं आपलं नाव ऐकून उठत होती आणि मधे येऊन बसत होती. मधे मुसळ नव्हतं, म्हणून ती आईच्या हाताला हात लावत होती. मैदान भरलं तेव्हा आमदारानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, ‘मी मांडतो.’

त्यानं शब्द पाळला, विषय मांडला. पेपरात चार ओळी आल्या, बाबांनी त्या सगळ्या आळीला वाचून दाखवल्या. पुढे तो निवडणुकीत पडला, कागद कुठेतरी कपाटात गेला, आणि कायदा झाला तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. दुसऱ्या कोणी कोणी लावून धरला असेल, त्यांना माझा नमस्कार. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी घरात एकटीच होते. सांगायचं कोणाला? बाबा गेलेले, आई गेलेली, शालनताई गेलेली. आमच्या गावकीनं तर बंदी उठवली असं कधी सांगितलंच नाही, त्या हळदीनंतर सगळे विसरल्यासारखे वागायला लागले, आणि एक दिवस धर्मादादा बाबांकडे विडी पेटवायला काडी मागत आला. आई पुन्हा भाकऱ्या थापताना गायला लागली. आणि कमळी. दर दिवाळीला माहेरी यायची, आम्ही ओट्यावर बसायचो, पण दोघींच्याही कडेवर पोरं, आणि संध्याकाळी तिला परत जायची घाई. चार-पाच दिवाळ्या झाल्या. मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. खाडीला पाणी होतं, मला पोचता आलं नाही. आता तिथे दोन्ही घरं पाडून चार मजली बिल्डिंग उभी आहे, खाली मोबाइलचं दुकान. भिंत नेमकी कुठे होती तेसुद्धा दाखवता येणार नाही मला.

पण त्या मेळाव्याच्या संध्याकाळी भिंत होती. दिवेलागणीची वेळ. आई, बाबा अजून मैदानावर सतरंज्या गोळा करत होते, मी चुलीला जाळ घालायला पुढे आले होते. दुपारची जळकी भाकरी तव्यावर तशीच. खाली बसले तर भिंतीच्या पायाशी ढिगारा. सिमेंटचे कपचे, माती, विटेचा चुरा. त्यात एक पिवळं बोट घुसल्यासारखं काहीतरी हललं. बोटच होतं ते. हळदीचं, खरचटलेलं, नख तुटलेलं. दुपारभर सगळ्या मैदानावर असताना ती घरात होती, सोबतीला फक्त पेणची म्हातारी, उंबरा ओलांडायची तिला मनाई होती, आणि तिच्याजवळ हळदीचं मुसळ होतं.

बोट मागे गेलं. भोकातून तिकडच्या दिव्याचा उजेड आला, मग तो झाकला गेला. तिनं तोंड लावलं होतं.

‘पुष्पे,’ ती म्हणाली, ‘आयलीस? लय लोका व्हती का गो?’

मला रडू आवरेना. मी नुसतं हूं म्हटलं.

‘हूं काय? माना कुनी नेला नाय. सगला सांग. पैल्यापासून सांग.’

सांगतंय गो बाय, सांगतंय.